मात्रेखालचं अक्षर

पुरालेखागारातल्या पंख्याला दोनच वेग:
बंद, आणि कागद उडवणारा.
म्हणून बंद.
घाम मनगटानं पुसायचा, बोटांनी नाही,
हे मला इलाही मुल्लाणींनी शिकवलं.
हुद्द्यानं शिपाई. तीस वर्षं रुमाल सोडतात, बांधतात.
मोडी त्यांना कुणी शिकवली नाही,
अंगावर बसत गेली, धुळीसारखी.

मुलींच्या शाळेचं हजेरीबुक, प्लेगाच्या आसपासचं.
आधी ओढलेली लांबलचक रेघ,
तिच्यावर वाळत घातलेली अक्षरं,
शब्दाशब्दांत फट नाही.
ओळ अकरावी. चिमा हरी सुतार, वय नऊ.
शेऱ्याच्या रकान्यात एक अक्षर कसरीनं खाल्लेलं.
उरलीय वरची मात्रा
आणि तिच्यामागं एकटं ली.

गेली.
मेली.
नेली.
केलीसुद्धा बसतं, पण काय केली?

गाईड म्हणाले, प्लेग आहे ना, मग मेली धरा,
खाली टीप द्या,
आणि तिसरं प्रकरण एकदाचं संपवा.
मी मेली टाइप केलं.
मग अख्खा मे महिना त्या भोकातून बघत बसले.

कॉलेजात सकाळी साडेसातला बी. ए. भाग दोन.
तासिका तत्त्वावर.
जूनपासूनचं मानधन कुठल्याशा टेबलावर आहे,
टेबल कुठं आहे ते माहीत नाही.
"मॅडम, आलो!"
राधानगरीची एसटी चुकवून दुसऱ्या एसटीनं आलेली
सुकन्या खोत दारातूनच ओरडते.
आलो. जेवलो. पेपरला बसलो.
इथल्या मुली स्वतःबद्दल अशाच बोलतात
आणि मी खडूनं लिहिते:
प्रथम पुरुष, स्त्रीलिंग, आले.
सुकन्या हात वर करते,
"पुरुष आणि स्त्रीलिंग, एकाच ओळीत व्हय?"
वर्ग हसतो. मी पण.

मीसुद्धा दोन वेण्या घालायची तेव्हा
आलो-गेलोच म्हणायची.
मग पुण्यात एका चर्चासत्रात
"आता मी निबंध वाचतो" म्हटलं
आणि पहिल्या रांगेत कुणीतरी
खोकल्यासारखं हसलं.
तेव्हापासून वाचते.

दिवाळीनंतर सुकन्या नाही.
तिच्या नावापुढं मी टिंब देते. टिंबापुढं टिंब.
विचारलं तर मागच्या बाकावरून,
"तिला दिली न्हवं, मॅडम. कागलला."
दिली.
हे माझ्या यादीत नव्हतंच,
याला मात्राच लागत नाही.
स्वतःच्या तोंडानं ती जातो म्हणाली असती, किंवा जात नाही.
दुसऱ्याच्या तोंडी गेल्यावर मात्र
सगळं व्याकरण बिनचूक.
ऑफिसातून निरोप आलाय, खोतचं नाव काटा.
पेन सापडत नाही म्हणून सांगितलंय.

शनिवारी मुल्लाणींनी ते पान खिडकीशी नेलं.
उजेडात धरलं नाही, तिरकं केलं,
कडेला नख लावलं, थांबले,
मग चहाच्या टपरीवरून आणलेली बांबूची काडी
दमट कागदाच्या पोटात
इतकी हळू सारली
की मला माझाच श्वास आगाऊ वाटला.
"ही दोन पानं हाईत, मॅडम.
चिकटल्याली."

पुढचा महिना.
ओळ अकरावी. चिमा हरी सुतार.
हजर. हजर. गैरहजर. हजर.
त्यानंतर बुकच संपतं.

मला काही बोलता येईना.
मुल्लाणी काडी पुसून खिशात ठेवत म्हणाले,
"आता त्ये म वालं काढा तिथनं."
आभारात नाव घालू का विचारलं
तर म्हणाले, घाला की, पण ण नळातला,
मागच्या सायबांनी नदीतला घातला हुता.

गाईडना फोन केला, सायबर चौकात, रिक्षांच्या गोंगाटात.
मेली नाही सर. परत आलीय. निदान चार दिवस.
पलीकडं बराच वेळ नुसता हॉर्न,
तो त्यांच्याकडचा की माझ्याकडचा कळेना.
मग म्हणाले, म्हणजे तिसरं प्रकरण पहिल्यापासून?

हो, म्हणालो मी.
परत लिहितो.